उकिरड्यावरचा वेल

"उपट! आत्ताच्या आत्ता उपट तुझे ते पट्ट्यापट्ट्यांचे भोपळे!" थोरली कुंपणाशी उभी राहून कडाडली.

पलीकडे धाकटी जाऊ खुरपं हातात घेऊन उभी. थोरलीचं तरी काय चुकलं? सासूबाई गेल्या, मागं राहिलं त्यांचं शेंदरी भोपळ्याचं बी. गेल्या वर्षीच्या भोपळ्याचं राखलेलं सगळं बी तिनं यंदा मातीत घातलं, डबीत एक ठेवलं नाही. आणि लागले काय, तर हिरवे, पांढऱ्या पट्ट्यांचे! जून झाले तरी रंग बदलेना. नुसता जिवाचा संताप.

"तुझ्या फुलांची धूळ माझ्या फुलांवर बसली. सासूबाईंचं बी नासवलंस!"

"बरं बाई," म्हणत धाकटीनं भरल्या डोळ्यांनी पाचच्या पाच वेल उपटून फेकले.

दुपारी रोपं विकणारा आला. थोरलीचं गाऱ्हाणं ऐकून, भोपळा उलटापालटा करून म्हणाला, "वहिनी, यंदाच्या धुळीनं यंदाचं फळ रंग बदलत नाही. ते आपल्या वेलाच्याच रंगाचं होतं. धुळीचा गुण उतरतो आतल्या बियांत, नि दिसतो ते बी पेरल्यावर. घोळ गेल्या वर्षी झालाय. तेव्हा जवळ पट्ट्यांचा वेल कुणाचा होता?"

थोरली आठवायला लागली. गेल्या वर्षी धाकटीनं भोपळा लावलाच नव्हता. उकिरड्यावर आपोआप उगवलेला वेल मात्र थोरलीनंच, फुकटचा म्हणून, रोज बादलीभर पाणी घालून पोसला होता. पट्ट्यांचाच. घ्या आता!

संध्याकाळपर्यंत ती स्वतःवरच धुमसत राहिली. मग मान खाली घालून धाकटीच्या दारात गेली.

"चुकलं माझं. सासूबाईंनी तुला तीन वर्षांपूर्वी बी दिलं होतं. उरलंय का गं?"

धाकटीनं पुरचुंडी सोडली. "सात आहेत. पाच माझ्या आळ्यांत, दोन तुला."

"दोनच?"

"वेल कुणी उपटायला लावले? आणि या खेपेला मादी फूल आदल्या दिवशीच दोऱ्यानं बांधायचं. सकाळी नर फूल आपल्या हातानं लावायचं, नि परत बांधायचं, परकी धूळ शिरायला नको. उकिरड्यावर काही उगवलं तर मी येऊन उपटणार."

कोपऱ्यातली कुदळ उचलून थोरली तणतणतच धाकटीच्या अंगणात आळी खणायला लागली. आधी पाच.