हेलेविकच्या पायपेटीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे आणि स्वभावाने संशयी आहे. म्हातारपणी कुणी फार कौतुक करू लागले, तर सावध व्हावे लागते.

बर्गन शहराजवळच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. बर्चचे लाकूड, पितळी सूर आणि पोटात कातडी भाता. पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबल्या की भाता हवा ओढतो, ती हवा सुरांवरून जाते आणि सूर थरथरतो. माझे सारे विज्ञान एवढेच. होडीत घालून मला हेलेविक गावच्या खाडीकाठी आणले आणि तिथल्या प्रार्थनाघरात मी वर्षानुवर्षे स्तोत्रे वाजवली. वादळात दिवे गेले की लोक म्हणत, “हिचं बरंय, हिला वीज लागत नाही!”

पुढे विजेचा ऑर्गन आला. मी कोपऱ्यात गेले आणि माझ्यावर ओले कोट पडू लागले. भात्याचे कातडे तडकले. फळी दाबली की सुराच्या आधी एक लांब उसासा निघे. प्रार्थनाघराची किल्ली सांभाळणारी सिनोवे मात्र रविवारी सगळे गेल्यावर कोट बाजूला करून माझ्यावर एक स्तोत्र वाजवायची.

अशात आस्लाक आला. हा बर्गनचा संगीतकार. त्याच्या नव्या रचनांच्या बातम्या आमच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. एका रचनेत गायकांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंड मिटून गायले होते. दुसरीत वितळत्या हिमनदीच्या थेंबांचा आवाज होता. आणि स्टावांगरला त्याने भर रंगमंचावर पियानो करवतीने कापला होता! टोरलाइफ या म्हाताऱ्या कोळ्याने ती बातमी सर्वांना वाचून दाखवली तेव्हा माझा भाता आक्रसला.

आस्लाकने माझ्या पट्ट्यांना बोट लावले नाही. तो नुसत्या फळ्या दाबत राहिला. माझ्या पोटाला कान लावला, एका छोट्या यंत्रावर आवाज टिपून घेतला, मापेही घेतली. मग म्हणाला, “काय सुंदर आहे!”

तडकलेल्या कातड्याला सुंदर म्हणणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

“वाजवणार आहेस की कापणार?” सिनोवेने विचारले.

“अजून ठरवलं नाही,” तो हसत म्हणाला. दुसरे कुणीच हसले नाही.

शरद ऋतूत त्याच्या नव्या रचनेचा कार्यक्रम आमच्याच प्रार्थनाघरात ठरला. पाहुणे येणार म्हटल्यावर हेलेविकने दुग्नाद पुकारला. दुग्नाद म्हणजे सगळ्या गावाने मिळून फुकट राबायचे, आणि त्या दिवशी कामाची गरज आहे का, हे कुणी विचारत नाही. कुणी कुंपण रंगवले, कुणी खिडक्या पुसल्या, कुणी वाफल भाजून त्यांवर तपकिरी चीज ठेवले. टोरलाइफने माझी पाठ उघडली.

“धडधाकट वस्तू कोण कापेल?” तो म्हणाला. “त्या बर्गनवाल्याला निमित्तच ठेवायचं नाही.”

त्याने एकेका भेगेवर कातड्याचे ठिगळ चिकटवले. किती वर्षांनी मी पोटभर श्वास धरला! मला वाटले, वाचले.

तालमीच्या सकाळी आस्लाकने फळी दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. तो वाकून आत बघू लागला.

“हिचा आवाज कुठे गेला?”

“आधी पट्टी तर दाब, बाबा,” टोरलाइफ म्हणाला.

“पट्टी नाही हो, श्वास! माझी अर्धी रचना त्या गळक्या श्वासावर आहे.”

“ती गळती आम्ही काढली. सगळ्यांनी मिळून. आभार नकोत!”

आस्लाकचा चेहरा उतरला. त्याने खिशातून छोटी सुरी काढली. क्षणात सिनोवे माझ्यापुढे उभी राहिली.

“आलास ना मुद्द्यावर?”

“एकच ठिगळ उचकटायचंय.”

“स्टावांगरच्या पियानोलाही एकच काप दिला होतास का?”

“नाही. तो पूर्ण कापला. पुरात भिजून कुजला होता, कचऱ्यातच चालला होता.”

“आणि कुजला नसता तर?”

आस्लाकने सुरी खाली घेतली. “माहीत नाही,” तो म्हणाला.

उत्तर मला आवडले नाही. पण त्याच्या तोंडचे तेच मला पहिल्यांदा खरे वाटले. सिनोवेलाही वाटले असावे.

“तू टिपलेला आवाज ऐकव,” ती म्हणाली. माझा उसासा खोलीत पसरला. तिने डोळे मिटले. “हा मी दर रविवारी ऐकते. मला वाटायचं, दमलीय बिचारी.”

“मला वाटलं, काहीतरी सांगणार आहे.”

“आण ती सुरी.” तिने गुडघ्यावर बसून स्वतःच एक ठिगळ उचकटले. “बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि कार्यक्रम झाला की हे तू चिकटवायचंस. टोरलाइफ नाही, तू.”

“मला नाही येत ते.”

“शीक. नाहीतर संध्याकाळी तोंडाने फुंकत बस!”

संध्याकाळी कार्यक्रमात आधी नुसती हवा वाहिली.

“सुरू कधी होणार?” टोरलाइफ मोठ्याने कुजबुजला. त्याला कुणीतरी कोपराने ढोसले. मग त्या हवेतून एक सूर उमटला, हळूहळू दुसरा. माझा संशय काही गेला नव्हता. पण प्रत्येक वेळी आस्लाक माझा भाता भरेपर्यंत थांबत होता, हे मला कळत होते. शेवटी हेलेविककरांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मगच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बर्गनचे पाहुणे फेरीबोटीने निघाले. आस्लाकही गेला, असे मी धरून चालले. अशा लोकांना टाळ्यांनंतर फार घाई असते. पण दुपारी तो सरसाचा डबा घेऊन आला. ठिगळ वाकडे बसले, सरस त्याच्या पँटवर सांडला. सिनोवेने बोटही लावले नाही. “डावीकडे. अजून. तिकडे नाही रे!” एवढेच ती म्हणत राहिली.

मग तिने फळी दाबून पाहिली. कडेतून बारीकसा उसासा निघाला.

“पुन्हा लावू?” त्याने विचारले.

ती कान देऊन ऐकत राहिली. “राहू दे तेवढा.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला तोडणारे भेटतात आणि न विचारता दुरुस्त करणारेही भेटतात. मला दोघांचीही धास्ती वाटते. म्हणून एवढेच मागते: हत्यार काढण्याआधी थोडा वेळ जवळ बसून ऐका. आणि ऐकूनही काही उचकटावेच लागले, तर दुसऱ्या दिवशी परत या.