अडतिसावी खेळी

कळफलकावरच्या दोन कळांच्या फटीत वाळूचा एक कण अडकला होता — काळा, मोहरीहून बारीक, पलीकडच्या शेडमधल्या ओतकामाच्या साच्यांच्या वाळूतला. दारात चपला काढायच्या, खिडक्यांना दुहेरी पडदे, रोज सकाळी टेबलावरून ओलं फडकं, आणि तरी ही वाळू आत येतेच... शहाजादीने ओढणीची टाचणी काढली आणि तो कण हळूच उकरला. बोटाच्या टोकावर तो आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपला हात अगदी स्थिर आहे. साडेबारा झाले होते. एकचा भोंगा झाला की ती मालाच्या यादीची फ्लॉपी काढणार होती, खेळाची घालणार होती, आणि हवालदारकाकांवर चढाई करणार होती.

हे सकाळी शिरोलीच्या बसमध्ये चढण्याआधीच ठरलं होतं. म्हणजे ठरलंय, ठरलंय, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती — आणि जे बजावावं लागतं ते ठरलेलं असतं का... असतं. आज तरी असतं.

हवालदारकाका म्हणजे आकाराम, कारखान्याचे स्टोअरकीपर. शिरोळकडचे, वीस-बावीस वर्षं पलटणीत काढलेले, एकाहत्तरची लढाई बघून परत आलेले, आणि येत्या शनिवारी निवृत्त होणारे. पावसाळ्यात फौंड्रीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो बसवायला पुण्याहून आलेल्या माणसाने जाताना एक खेळाची फ्लॉपी मागे ठेवली होती. डिसेंबरात एकदा दुपारच्या सुट्टीत शहाजादी ती उघडून बसलेली, आणि काका दारात एका पायातला बूट काढून, दुसरा तसाच ठेवून उभे — "ह्यात लढाई हाय म्हणं?"

होती. हिरव्या रेघांचा नकाशा, मधून एक नदी, नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं. दोघांनी आळीपाळीने बसायचं, गावं वसवायची, धान्य साठवायचं, शिपाई उभे करायचे. एक जण हुकूम देत असताना दुसऱ्याने खोलीबाहेर थांबायचं, कारण तो काय करतोय ते कळता कामा नये; आणि दोघांचे हुकूम झाले की मशीन ते एकदम पार पाडणार. अशा चाळीस खेळ्या. चाळिसाव्या खेळीनंतर ज्याची गावं जास्त तो जिंकला; राजधानी धरायची दहा गावांच्या बरोबरीची. दिवसाला एक खेळी, असं त्या दोघांनी ठरवून घेतलं होतं, आणि सुरुवातीलाच एकमेकांशी तहही केला होता, कारण काका म्हणाले, आधी पोटाचं बघू.

आज गुरुवार, अडतिसावी. काकांची तेवीस गावं, तिची सतरा. आणि तिच्याकडे त्यांच्या तिप्पट फौज.

नदीला सगळी फौज पार होईल असा एकच उतार होता, वरच्या अंगाला फार तर एखादी तुकडी उतरेल; आणि काकांनी त्या उतारावर दोनच तुकड्या ठेवल्या होत्या. हे तिला सव्विसाव्या खेळीपासून माहीत होतं. सव्विसाव्याला वाटलं, अजून थोडे शिपाई जमू देत. तिसाव्याला धान्य कमी होतं, फौजेला चार दिवस खायला पुरलं नसतं. चौतिसाव्याला धान्य होतं, शिपाई होते, सगळं होतं — पण त्या दिवशी काका रानातले हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले, पेपरात गुंडाळून, "तुज्या आईला बी दे" म्हणून, आणि त्या डहाळ्यांच्या आंबट वासात बसून तिला तह मोडता आला नाही. कारण मिळतंच. रोज मिळतं. मी शोधायला निघाले की कारण आधीच येऊन उंबऱ्यावर बसलेलं असतं.

पण आजच्यानंतर मिळणार नाही. फौजेला नदीपर्यंत एक खेळी, उतरायला एक, पलीकडची गावं घ्यायला एक. आज निघाली तर चाळिसाव्याला पोचेल. उद्या निघाली तर नुसती पाण्यात उभी राहील, आणि खेळ संपेल.

तिने बोटावरचा कण झटकला.

"लढाई का करत नाही, काका?" असं तिने एकदा विचारलं होतं. त्यांनी चष्मा पुसला होता. "हुकूम झाल्याबिगर मी कधी गोळी झाडली न्हाय, पोरी. चार दिवस बांधाआड पडून हुतो, म्होरं नदी, पल्याड त्ये. हुकूम येतोय, येतोय... लढाई सोपी असती. वाट बघनं वाईट." मग हिरव्या नकाशाकडे हनुवटी करून म्हणाले, "हितं हुकूम द्यायचा बी मीच आन् मरायचं बी मीच. त्यो धंदा आपल्याला जमंना." आणि उठता उठता, अगदी मायेने, जसं काही कौतुकच करतोय — "तू बी काय लढायची न्हाईस म्हना. तुज्या हातात न्हाय त्ये."

हातात नाही. त्या दिवशी ती हसली होती. घरी जाऊन भाकरी थापताना मात्र तेच वाक्य परत परत हातावर येत राहिलं.

...कारण ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी पेठ वडगावचं स्थळ आलं होतं. मुलगा शिवणकामाच्या दुकानात, माणसं बरी, पण चहा पिताना त्याची आई म्हणाली की लग्नानंतर नोकरीचं बघू काय ते, आणि शहाजादीच्या मनात त्याच क्षणी 'नाही' तयार झालं — पक्कं, गोल, तोंडात धरलेल्या सुपारीसारखं. अकरा दिवस तिने ते धरून ठेवलं. आज अब्बांचं डोकं दुखतंय, उद्या बोलू. आज चमनच्या — भावाच्या — परीक्षेचा निकाल, आज नको. बाराव्या दिवशी वडगावहून निरोप आला की मुलाला दुसरीकडे पसंत पडली. ती आईसमोर जाऊन उभी राहिली — मला नकोच होतं, मी नाही म्हणणार होते. आई, चाँदबी, परातीतून मान वर न करता म्हणाली, "वो लोगाँच नको बोले, तू कायकू बोलती अब?"

लोक अजूनही हळहळतात, बिचारीला वडगावकरांनी नाकारलं. माझं 'नाही' कुणी ऐकलंच नाही. ते माझ्याकडेच राहिलं. त्याचं काय करायचं असतं...

"शहाजादी."

मॅनेजरसाहेब दारात होते, हातात कागद. "हे शनिवारचं भाषण. हवालदारांच्या निरोपाचं. मराठी टाईपरायटरवर दोन प्रती काढ."

"बरं."

"आणि तो तुमचा खेळ, हवालदारच पुढं आहेत म्हणे?"

"सहा गावांनी."

"मग राहू दे तसंच. शेवटी एक वाक्य घातलंय बघ. माणूस खूश होऊन जाईल. आता दोन दिवसांत तू काय उलटापालट करू नको."

"बरं," ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून इतका सहज गेला की साहेब वळून गेल्यावरही तिला तो खोलीत लोंबकळताना दिसत होता. तिने कार्बन घातला, कागद सरळ केला. टाईप करत गेली. बावीस वर्षांची देशसेवा, सोळा वर्षांची कारखान्याची सेवा, एकही रजा विनाकारण नाही... आणि शेवटी: 'रणांगणावर विजयी झालेले आपले हवालदार संगणकावरही अजिंक्य राहिले.' एकही चूक न करता तिने ते वाक्य टाईप केलं. पूर्णविराम दिला. काका टाळ्यांच्या आवाजात हात जोडून उभे राहतील, आणि मग घरी जाताना, सायकल हातात धरून, त्यांना कळेल. बांधाआड चार दिवस पडून राहिलेल्या माणसाला समोरचा कधी मुद्दाम गप्प राहिला ते कळत नाही होय! मला वडगावकरांनी सोडलं, तसं मी काकांना सोडून द्यायचं, आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

नाही.

भोंगा झाला. पलीकडची शेड एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत फ्लॉपी आत जाताना किती कुरकुरते ते तिला ऐकू आलं. नकाशा आला. नदी आली. पहिला हुकूम: तह मोडणे. मशीनने विचारलं, खात्री आहे का. हा प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारायचं, गाव वसवतानाही, पण आज तिला वाटलं की ते थोडं थांबून विचारतंय. तिने होकाराची कळ दाबली. मग एकेक तुकडी — सगळ्या. राजधानीत ठेवायच्या दोन होत्या, त्याही. निम्म्या ठेवल्या तर उद्या मनाला परत यायला वाट राहील, हे तिला ठाऊक होतं. चार मिनिटं लागली. पाठीवर घाम होता, पण हात मघासारखेच स्थिर.

काका आले. बूट काढले, नीट जोडून ठेवले. "झाली तुजी खेळी?"

गप्प राहता आलं असतं. ते खुर्चीत बसले की तह मोडल्याची सूचना स्क्रीनवर आपोआप आलीच असती. ती उठून उभी राहिली.

"काका, मी तह मोडला."

ते हसतील असं तिला वाटलं होतं, किंवा चेहरा पडेल. दोन्हींसाठी तिने सकाळी बसमध्ये उत्तरं जुळवून ठेवली होती. यातलं काहीच झालं नाही. ते खुर्चीत बसले आणि पुढे होऊन स्क्रीनकडे बघत राहिले, चष्मा कपाळावर ढकलून, मग पुन्हा नाकावर घेऊन. पाठ मात्र हळूहळू सरळ झाली. साठीला आलेला माणूस इतका ताठ बसतो हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

"किती काढलीस?"

"सगळी."

"मागं काय ठेवलं न्हाईस?"

"नाही."

"आसं व्हय," ते म्हणाले. मग खिशातून त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी काढली — पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना लिहून दिलेली, कारण खेळ सगळा इंग्रजीत होता: गाव वसवायला हे अक्षर, धान्य बघायला हे, शिपाई उभे करायला हे. घड्यांवर ती फाटत आली होती. त्यांनी ती कळफलकाशेजारी पसरली, बोट वरून खाली नेलं, परत वर नेलं.

"लढायचं अक्षर कंचं?"

"आहे की त्यात..."

"न्हाय. बग की."

नव्हतं. तिने वाकून पाहिलं. आठ ओळी, तिच्याच अक्षरातल्या, आणि नववी नाहीच. विसरले असेन, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती दुपार आठवली, डिसेंबरातली. पेन आठव्या ओळीनंतर थांबलं होतं. विसरून नव्हे. यांना कशाला लागतंय, असं मनात आलं होतं, आणि तिने टोपण लावलं होतं. एवढंच. आणि सदतीस खेळ्या हा माणूस हुकमाची, बांधाची गोष्ट सांगत बसला होता, की अक्षर माहीत नाही हे पोरीला कसं विचारायचं म्हणून... की खरंच लढायचं नव्हतं म्हणून... ते आता कधीच कळणार नव्हतं. विचारलं तरी ते सांगणार नव्हते.

म्हणजे मी वाट बघत होते ती कसली? ज्याच्या हातात मीच काही दिलं नव्हतं, त्याच्यावर चालून जायची?

सांगू नये, असंही एक क्षण वाटून गेलं. तो क्षण तिने पुरता पाहिला; कुठल्या कारणाआड लपवला नाही. मग तिने पेन उघडलं, चिठ्ठीवर नववी ओळ लिहिली, आणि त्याखाली, कुणी न विचारता, दहावीही — शत्रूची राजधानी रिकामी आहे का, ते बघायचं अक्षर.

"ह्याने लढायचं. आणि ह्याने माझ्याकडं कुठं काय आहे ते दिसतं."

काकांनी तिच्याकडे वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती; अडतीस खेळ्यांत पहिल्यांदा ते तिला मोजत होते.

"मला तुजी दया नगं हं, पोरी."

"दया नाही, काका. चुकलं होतं लिहायचं."

"चुकलं हुतं?"

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "चुकलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली, एकदाच, जसं पोचपावतीवर सही करताना हलवतात. "जा आता भाईर. दार वढून घे."

बाहेर उन्हात कामगार शेडच्या सावलीला बसून जेवत होते. कुणीतरी हाक मारली, तिने हात केला. पाठीमागे दाराआड एक कळ वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी — एका बोटाने, जपून. रोज त्यांना पाच मिनिटं पुरायची. आज दहा झाली, पंधरा झाली. ते राजधानी बघत असतील. रिकामी आहे ती. एक तुकडी वळवून नदीच्या वरच्या अंगाने आणली तर शनिवारी माझी राजधानी जाईल, आणि त्यांची गावं माझ्याकडे आली तरी... तिने हिशेब करून पाहिला आणि तो अर्ध्यात सोडून दिला. काका, दिसतंय ना तुम्हाला? वरच्या अंगाने या. तिथूनच या. असं ती मनात म्हणत होती, आणि त्याच वेळी ते तिथून येऊ नयेत म्हणून मुठी आवळून उभी होती, आणि ही दोन्ही तिचीच होती, एकीने दुसरीला गप्प करायची गरज नव्हती.

रोज इथे थांबताना ती काहीतरी जुळवत असायची: ते हे म्हणाले तर मी हे म्हणेन. आज आत कुणी काही बोलत नव्हतं. टाईप केलेलं भाषण साहेबांना द्यायचं होतं. शेवटच्या वाक्याबद्दल त्यांना सांगायचं होतं की ते आत्ता खरं नाही, शनिवारी कळेल. ते ती सांगणार होती. कधी, कसं, हे ठरवलं नव्हतं. ठरवावं लागेल असं वाटतही नव्हतं.

दीडचा भोंगा झाला. माणसं डबे झटकत उठली. दार बंदच होतं, आणि आतून पुन्हा एक कळ वाजली, या वेळी जरा जोरात. तिने दार ठोठावलं नाही. तिला एकाएकी सणसणून भूक लागली — सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे आत्ता पहिल्यांदा जाणवत होतं — आणि तिथेच भिंतीला टेकून, सगळे कामाला जात असताना, तिने डबा उघडला.