जावईबापू डबा बंद पाडतात

कंपनी बादल्यांची होती आणि सासऱ्यांची होती. जावईबापू तिथलं नेटवर्क सांभाळत, म्हणजे सासऱ्यांच्या मते काहीच करत नसत.

या मताला भक्कम आधार होता. जावईबापू आल्यापासून कंपनीचं नेटवर्क एकदाही बंद पडलं नव्हतं. ऑर्डरी येत, बिलं निघत, गोदामातले काटे वजनं वर कळवत, आणि जावईबापू थंडगार केलेल्या एका खोलीत स्वेटर घालून बसलेले असत. सासरे येता-जाता दाराच्या काचेतून डोकावत. दर वेळी तीच खुर्ची, तोच स्वेटर आणि समोर लुकलुकणारे तेच हिरवे दिवे.

"हिरवे म्हणजे काय?" एकदा आत येऊन त्यांनी विचारलं होतं.

"सगळं ठीक चाललंय."

"आणि तुम्ही काय करता?"

"ठीक चाललंय ना, ते बघतो."

सासऱ्यांनी उभा जन्म बादल्यांत काढला होता. बादली गळते किंवा गळत नाही. गळत नसेल तर तिच्याकडे बघत बसायला कुणी पगारी माणूस नेमत नाही. पुष्कळ दिवस त्यांनी हे पोटात ठेवलं. शेवटी एका रात्री जेवता जेवता ते म्हणाले, "जावईबापू, पुढच्या महिन्यापासून तुम्ही गोदामात बसा. बादल्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवाच आहे."

"बाबा, त्याला बादल्यांतलं काय कळतं?" बायको म्हणाली. ती त्याच कंपनीचे हिशेब बघत असे.

"बघता येतं ना? इतके दिवस बघतच आहेत."

झोपायच्या खोलीत जावईबापू भिंतीकडे तोंड करून पडले. गोदामात दिवे नव्हते, म्हणजे होते, पण ते लुकलुकत नव्हते.

"त्या एसी दुरुस्त करणाऱ्याला बघ," बायको उशी थोपटत म्हणाली. "तो आला की बाबा स्वतः चहा सांगतात. का? तर एसी बंद पडतो. तुझं कधी काही पडतच नाही, मग तुला चहा कोण सांगणार?"

"म्हणजे मी मुद्दाम बंद पाडू?"

"मी काहीच सुचवत नाहीये," ती म्हणाली आणि दिवा मालवून लगेच झोपली. ज्यांनी काहीच सुचवलेलं नसतं त्यांना अशी झोप लागते.

सकाळी जावईबापूंनी खोलीचं दार आतून लावलं. लोखंडी कपाटात दोन चपटे काळे स्विच एकावर एक बसवले होते. कंपनीतल्या प्रत्येक संगणकाची वायर त्यांत येऊन मिळत असे. सासरे दोघांना मिळून डबा म्हणत. हे स्विच निवडताना जावईबापूंनी जितका विचार केला होता तितका स्वतःच्या लग्नाचाही केला नव्हता, आणि बायकोला ते माहीत होतं.

"फक्त दहा मिनिटं," ते डब्याला म्हणाले आणि त्यांनी वरच्या स्विचची विजेची वायर उपटली.

काही झालं नाही. एका स्विचला दोन वीजपुरवठे होते. एक गेला, दुसऱ्याने भार उचलला. जावईबापूंनी दुसरीही वायर उपटली. मग खालच्या स्विचने वरच्याला आपली वीज उसनी दिली, कारण तशी सोय असलेलाच स्विच हवा म्हणून ते हटून बसले होते. खालच्याच्या वायरी जाळीच्या दाराआड होत्या, दाराला कुलूप होतं आणि किल्ली सासऱ्यांच्या खणात. हा नियमही त्यांचाच.

त्यांनी भिंतीवरचं अख्ख्या इमारतीचं मुख्य बटण बंद केलं. खोली अंधारली. एसी थांबला. बॅटऱ्यांनी डबा सांभाळला, आणि तेवढ्यात इमारतीमागचा जनरेटर घुरघुरत जागा झाला. हिरवे दिवे जराही हलले नाहीत. शेजारच्या खोलीत बिलं छापली जात असल्याचा आवाज येत होता.

जावईबापूंनी स्वेटर काढला. मग शर्टही.

आता वायरीने नाही तर अकलेने. एका केबलची दोन्ही टोकं त्यांनी एकाच स्विचमध्ये खुपसली. साधासुधा स्विच असता तर स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवत काही क्षणांत बेशुद्ध पडला असता. याने तेवढी दोन भोकं बंद केली आणि शांतपणे पुढचं काम घेतलं. मग ते संगणकावर बसले, की आतूनच हुकूम सोडावा. घामेजल्या बोटांनी पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. आणखी एकदा चुकल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली: आपले वर्तन संशयास्पद आहे, प्रवेश बंद करण्यात येत आहे. हे वाक्यही त्यांनीच लिहून ठेवलं होतं आणि लिहिताना ते त्यांना फार आवडलं होतं.

दारावर थाप पडली.

जावईबापूंनी कडी काढली. दारात सासरे होते, हातात मोबाइल. आत जावई बनियनवर, केसांत जळमटं, दातांत केबल.

"हे सकाळपासून येतंय," सासरे म्हणाले आणि चष्मा सारखा करून वाचू लागले. "पहिला वीजपुरवठा खंडित, सेवा सुरळीत. दुसरा वीजपुरवठा खंडित, सेवा सुरळीत. मुख्य वीज गेली, सेवा सुरळीत. चुकीची जोडणी, बंद केली. अनोळखी इसमाचा आत शिरण्याचा प्रयत्न, हाणून पाडला."

डब्याला काही झालं की त्याने ठरलेल्या नंबरांवर निरोप धाडावा अशी सोय होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, छाप पाडायला म्हणून, जावईबापूंनी त्या यादीत सासऱ्यांचा नंबर घातला होता. आजवर डब्याला सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

सासऱ्यांचा आवाज बदलला. "एकटे झुंजताय होय सकाळपासून? आम्हाला पत्ताच नाही. चहा सांगतो. आणि गोदामाचं विसरा."

त्यांच्या पाठीमागे बायको उभी होती. तिने मान अशी डोलावली की जणू मुलगा पहिला आला.

जावईबापूंनी दातांतली केबल काढली. सगळं जमून आलं होतं.

"पण हा डबा मात्र भंगारात द्या," सासरे पुढे म्हणाले. "एका सकाळीत इतका बिघडतो म्हणजे काय. बाजारात साधे मिळतात ना, हातात मावणारे? त्यातला एक आणा."

बायको मागून डोळे वटारत होती. बोट ओठांवर होतं. जावईबापूंनी डब्याकडे पाहिलं. इतकी उपटाउपटी होऊनही त्याने कुणाचं एक बिल अडू दिलं नव्हतं.

"तो बिघडला नाहीये," ते म्हणाले. "मीच बंद पाडत होतो."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

सासरे खुर्चीत बसले. "सगळं तुम्हीच केलंत?"

"हो."

"हा अनोळखी इसम?"

"मीच."

"आणि पडला नाही?"

"नाही," जावईबापू म्हणाले. आवाजात नको तेवढा अभिमान आला.

"चोराचिलटाला जमेल?"

"मला जमलं नाही."

सासरे बराच वेळ हिरव्या दिव्यांकडे बघत राहिले. जावईबापूंची एक शंका फिटली, की हे दिवे बघत बसणं फारसं अवघड नाही. मग सासरे उठले आणि दाराशी जाऊन थांबले.

"सांभाळायला दिलेल्या वस्तूचं तुम्ही हे करता," ते म्हणाले. "माझ्या बादल्यांना दोन-दोन वीजपुरवठे नाहीत, जावईबापू. तुम्ही गोदामाकडे फिरकायचंदेखील नाही. इथेच बसा."

ते गेले. पाठोपाठ बायको आत आली आणि तिने कोपऱ्यातला स्वेटर उचलून झटकला.

"काय म्हणाले? ठेवलं ना?"

"ठेवलं."

"कशासाठी?"

जावईबापूंनी उपटलेली वायर पुन्हा जागेवर खोचली. सासऱ्यांचा मोबाइल पॅसेजमध्ये टुणकन वाजला.

"बादल्या वाचवायला," ते म्हणाले.