हिरव्या फितीचा टोप

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारी, खिडकीखाली, बटणांनी गळ्यापर्यंत भरलेला स्टीलचा टोप दिसतोय ना, तो मी. वयाने जुना आहे, पण पोचा एकही नाही. तळ अजून सपाट आहे. सूप, भाजी, भात, काहीही शिजवण्याइतका मी आजही धड आहे. तरी माझ्यात काही शिजत नाही, आणि त्याचं कारण मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली ठेवली, वरून दाब आला आणि मला खोली मिळाली. मग कडा वळवल्या, दोन कान जोडले, पॉलिश केलं. दुकानात मी एका फळीवर उपडा पडून होतो. तिथून मला नेलं ते टेलरबाईंनी. इमारतीतले सगळे त्यांना टेलरबाईच म्हणत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या कपडे शिवायच्या. त्यांचे यजमान बस चालवायचे आणि घरी आले की थट्टामस्करी करायचे.

मला विकत घेण्यामागची गोष्ट मी पुढे अनेकदा ऐकली. वरच्या मजल्यावर एक ज्यू कुटुंब राहायला आलं होतं. सून शाळेत गणित शिकवायची. टेलरबाई तिला वहिनी म्हणायच्या आणि ती यांना ताई. टेलरबाईंनी पहिल्याच आठवड्यात केक करून वर नेला. वहिनींनी तो घेतला नाही, पण टेलरबाईंना दारातून परतही पाठवलं नाही. त्यांना आत बसवून सांगितलं, "ताई, रागावू नका. आम्ही कोशर पाळतो. आमच्यात मांस आणि दूध एकत्र शिजवत नाहीत, एका जेवणात खातही नाहीत. काही मांस तर मुळीच चालत नाही. सगळेच ज्यू इतकं पाळतात असं नाही, पण आम्ही पाळतो."

"अहो, पण केकमध्ये कुठलं आलंय मांस?"

"केकमध्ये नाही हो. पण त्या भांड्यात आधी काय शिजलं होतं?"

टेलरबाईंनी आठवून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "अगंबाई! त्यात काय काय शिजलं नसेल ते विचारा!"

दोघी खूप हसल्या. दुसऱ्या दिवशी टेलरबाई दुकानात आल्या आणि त्यांनी मला उचललं. घरी आणून माझ्या एका कानाला हिरवी फीत बांधली. "हा टोप फक्त वरच्यांसाठी. याला कुणी हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे," असं त्यांनी घरात बजावलं. मला वेगळं कपाट मिळालं. मित्रांनो, माझी छाती अभिमानाने फुगली होती.

दर आठवड्याला माझ्यात मसुरीचं सूप व्हायचं. वहिनी खाली यायच्या. सुरी, पळी आणि मसूर त्या स्वतःच्या घरून आणायच्या. पालेभाजीचं पान न् पान उजेडात धरून किडा-मुंगी नाही ना, ते बघायच्या. आणि गॅस त्याच पेटवायच्या, कारण स्वयंपाकात त्यांच्यातल्या कुणाचा तरी हात लागावा असा त्यांचा नियम होता. पुढचं सगळं टेलरबाई करायच्या. यजमान दारातून म्हणायचे, "वहिनी, आमचा गॅस आता आमचं ऐकेनासा झालाय. तुमच्याच हाताची सवय लागली त्याला!"

वहिनींच्या सासूबाई मात्र ते सूप तोंडाला लावत नसत. "टोप आपल्या घरी ठेव, मग बघू," असं त्या म्हणत. वहिनींनीच हे एकदा हसत हसत सांगितलं होतं. "मी म्हटलं, आई, टोप वर आणला तर ताईंना वाटेल आपला भरवसा नाही. ताईंची हमी माझी." महिनेच्या महिने सासूबाई हलल्या नाहीत. मग त्या आजारी पडल्या, जेवण जाईना, आणि एक दिवस त्यांनी आपणहून सुनेकडे वाटीभर सूप मागितलं. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवल्याचं वहिनींनी खाली येऊन सांगितलं तेव्हा टेलरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा गौरव.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टेलरबाईंचे धाकटे दीर मुक्कामाला आले. त्यांना स्वयंपाकाची भारी हौस. टेलरबाई मापं घ्यायला बाहेर गेल्या होत्या. दिरांना मोठं भांडं हवं होतं. त्यांनी कपाट उघडलं, मला घेतलं, आणि माझ्यात लोण्यावर मांस परतून वरून साय ओतली. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मी तापत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

टेलरबाई परतल्या तेव्हा दीर हात धुऊन फिरायला गेले होते. मला पाहून त्या दारातच थबकल्या. मला वाटलं, आता या वर धावत जातील. त्यांनी मला रिकामं केलं, घासलं, विसळलं, पुन्हा घासलं.

यजमानांनी विचारलं, "वर सांगणार ना?"

"सांगितलं तर म्हाताऱ्या बाई पुन्हा खाणार नाहीत. इतक्या मुश्किलीने खायला लागल्यात. धुतलं की झालं."

"अगं, पण..."

"तुम्ही यात पडू नका."

दुसऱ्या दिवशी वहिनी मसूर घेऊन आल्या. त्यांनी नेहमीसारखी काडी ओढली. मी टेलरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या कांदा चिरत होत्या. सूप झालं, वर गेलं आणि सासूबाईंचा निरोप आला, की आजचं फार छान होतं. त्या दिवसापासून माझा कुणाच्याही कौतुकावर विश्वास बसत नाही. ज्या बाईंनी माझ्या कानाला फीत बांधली, त्यांनीच मला खोटं बोलायला लावलं, आणि मला तर तोंडही नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी काडी पेटवली तेवढ्यात दीर पाणी प्यायला आत आले. "अरे वा, हाच तो टोप! वहिनी, यात त्या दिवशी मांस केलं होतं मी साय घालून. काय झकास झालं होतं!" ते टेलरबाईंना म्हणाले.

वरच्या वहिनींनी फुंकर मारून काडी विझवली. "कधी?"

"झाले की आठ-नऊ दिवस," दीर म्हणाले आणि दोघींचे चेहरे पाहून बाहेर निघून गेले.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मी घासला होता हो. दोनदा घासला होता."

"घासला म्हणजे माहीत होतं."

वहिनींचा आवाज चढला नाही, तो बारीक झाला. "धातूचा आहे हो हा. एक दिवस वापरायचा नाही आणि मग काठोकाठ पाणी भरून उतू जाईपर्यंत उकळायचा. मीच करून आणला असता. तुमच्या दिरांची चूक पाण्याने निघाली असती, ताई. आता सासूबाईंना काय सांगू? तुमची हमी मी दिली होती."

"नका ना सांगू."

"म्हणजे मीही तुमच्यासारखंच करू?"

त्यांनी सुरी, पळी आणि मसूर पिशवीत भरले आणि त्या वर गेल्या. वरती पावलं वाजली, एका जागी थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. सासूबाईंनी त्यानंतर सुनेच्या हातचंही कुठल्या भांड्यातलं ते आधी विचारून, मगच खायला सुरुवात केली, एवढं जिन्यातल्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं.

वहिनी आजही टेलरबाईंशी हसून बोलतात, ब्लाउज शिवायलाही टाकतात. स्वयंपाकघरात येत नाहीत. टेलरबाईंनी माझ्यात बटणं भरून मला शिवणयंत्राशेजारी ठेवलंय आणि त्या मला रोज कोरड्या फडक्याने पुसतात. मी लखलखतो.

मित्रांनो, भांड्याची निगा म्हणजे नुसतं घासणं-पुसणं नव्हे. शेजाऱ्यांना काही खायला देणार असाल तर आधी विचारा, तुम्हाला काय चालतं? आणि त्यातून हातून चूक झाली, तर काडी पेटायच्या आत सांगून टाका. घटकाभर मान खाली जाईल. पण वरच्या मजल्यावर एखादी म्हातारी डोळे मिटून, भरवशाने घास घेत असताना खाली गप्प उभं राहणं, त्यापुढे ती शरम काहीच नाही.