आ म्हणजे हो

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरांचं मात्र छान भरत होतं. खाली दाताचा दवाखाना, वर घर, आणि प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत. एवढ्यावर माणसाने सुखी असावं, पण डॉक्टरांना एक दुःख होतंच. सारं गाव त्यांच्याशी सहमत होतं, एकटी बायको सोडून.

गावाबद्दल त्यांच्याकडे पुरावा होता. पेशंट खुर्चीत आडवा झाला की ते दात कोरायचं यंत्र सुरू करत आणि त्याच्या घरघरीत बोलू लागत. आधी संगीत, मग स्त्री-पुरुष, शेवटी सिनेमा. गाण्यात शब्द नकोत, शब्दांनी सूर आळशी होतो. पुरुषाने मनातलं बोलून दाखवू नये, बोललं की ते विटतं. बाईने आपणहून ओळखावं. आणि सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघावा, पुढे नुसती आवराआवर असते. "पटतं ना?" असं विचारलं की कापसाच्या बोळ्यांमागून "आ" असं उत्तर येई. आ म्हणजे हो. आजवर एकानेही विरोध केला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण मारणाऱ्याला ते कसं कळावं?

बायकोच्या तोंडात बोळे नव्हते. लग्न झाल्यापासून तिने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. मध्यंतराचे दिवे लागले की डॉक्टर तिला हाताला धरून बाहेर काढत. खून कोणी केला, हरवलेला मुलगा आईला भेटला का, सगळं तिच्या डोक्यात तसंच लोंबकळत होतं. परवा तर नायिका कड्याच्या टोकावर उभी होती. घरी येऊन बायकोने पिशवी भरायला घेतली.

"मी ताईकडे चालले. ती सिनेमाला शेवटपर्यंत बसते."

"परत कधी येशील?"

"ताई म्हणते, कायमची ये."

डॉक्टरांनी पिशवीचा एक बंद धरून ठेवला. पण मनातलं बोलायचं नाही, हे त्यांचंच मत. म्हणून ते म्हणाले, "सगळं गाव माझ्या बाजूने आहे."

"मग एक माणूस आणा. एकच. रिकाम्या तोंडाने तो तुमचं बरोबर म्हणाला, तर मी जन्मभर मध्यंतराला उठेन. नाहीतर ही पिशवी आणि मी निघालो."

डॉक्टरांनी एक सोडून तीन बोलावले. पोस्टमन, बेकरीवाली आणि शाळेच्या मुख्याध्यापिका दवाखान्यातल्या बाकावर ओळीने बसले. बायको पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "गाण्यात शब्द नकोत."

तिघांच्या माना मागे गेल्या. तिघांनी आ वासला.

"पटतं ना?"

"आ," तिघे म्हणाले.

"तोंड मिटून सांगा," बायको म्हणाली.

त्यांनी मिटलं. डॉक्टर पुढे बोलले, की पुन्हा उघडलं. बिचाऱ्यांचा इलाज नव्हता, तो आवाज ऐकला की जबडा आपोआप खाली जाई. मुख्याध्यापिकांनी तर रुमालही गळ्याशी लावून घेतला. शेवटी डॉक्टर थकून गप्प झाले, तेव्हा त्याच बोलल्या.

"डॉक्टर, राग मानू नका. आम्ही खुर्चीत असताना तुम्ही काय बोलता, त्यातला एक शब्दही आम्हाला कधी कळलेला नाही. यंत्र चालू असतं ना."

"मला वाटायचं, तुम्ही गुणगुणताय," पोस्टमन म्हणाला.

डॉक्टरांनी आ वासला, तो तसाच राहिला. जबडा निखळला होता. पाहुण्यांनी हळूच चपला शोधल्या.

बायकोने पिशवी ठेवली आणि नवऱ्याला खुर्चीत बसवलं. जबडा कसा बसवतात, ते तिने अनेकदा पाहिलं होतं. हात धुऊन दोन्ही अंगठे तिने त्याच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि आधी जरा बोलून घेतलं.

"मला शब्दांचीच गाणी आवडतात. मनातलं मला ओळखू येत नाही, मी काय ज्योतिषी आहे? आणि ती बाई अजून कड्यावर उभी आहे. पटतं ना?"

"आ," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याचं नव्हतं.

तिने दाबलं. कट्‌ असा आवाज झाला आणि जबडा जागेवर आला. तिने पुन्हा हात धुतले, पिशवी उचलली आणि दाराकडे वळली.

"जाऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

ती थांबली. "हे तुमचं मत का?"

"नाही. मला भीती वाटते."

बायको मागे आली. यंत्राचं बटण बंद आहे ना, ते तिने नीट पाहून घेतलं आणि बाकावर बसली.

"आता परत म्हणा," ती म्हणाली.