पाठीवरच्या लाल रेघा

मी बेंगोल बोलतोय. जावा बेटावरच्या आमच्या वाडीतला सगळ्यात मोठा डॉक्टर! शंभरावर वर्षं झाली, हजारो पाठी माझ्या हाताखालून गेल्या, पण आजवर एकही रोगी दगावला नाही.

आता खरं सांगतो. मी डॉक्टर नाही आणि मला हातही नाहीत. जे बरे झाले ते माझ्याशिवायही झालेच असते. एकजण दगावता दगावता वाचला, तोही माझ्यामुळे नव्हे. मी होतो तरीही वाचला.

मी तांब्याचं नाणं. किंमत अडीच सेंट. गोऱ्या साहेबांच्या राज्यात समुद्रापलीकडच्या टांकसाळीत जन्मलो आणि जहाजात बसून इकडे आलो. अंगावर एकीकडे साहेबांची अक्षरं, दुसरीकडे जावानीज आणि अरबी. तीन लिप्या मिरवतो, वाचता एकही येत नाही. तुमच्यातही असे विद्वान असतील, मी नावं विचारत नाही.

पुढे साहेब गेले, आमच्या देशाचा रुपिया आला आणि माझी किंमत संपली. किंमत संपलेल्या म्हाताऱ्याला माणसं कोपऱ्यात बसवतात. मला मात्र खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी मानाची जागा मिळाली, कारण माझी कड गुळगुळीत होती आणि पाठ खरवडायला तशीच लागते.

आमच्याकडे काहीही झालं तरी अंगात वारा शिरलेला असतो. सर्दी झाली, वारा शिरला. पोरगा परीक्षेला घाबरला, वारा शिरला. जावई रुसला, त्यालाही वाराच. मग पालथं घालायचं, तेल चोळायचं आणि माझ्या कडेनं कण्यापासून बरगड्यांकडे तिरक्या रेघा ओढायच्या. खरवडणारी बाई मधूनमधून ढेकर देते. रोग्याच्या अंगातला वारा म्हणे तिच्या तोंडून निघतो! हा वारा रस्ता कसा शोधतो, ते मला अजून कळलेलं नाही.

रेघ जितकी लाल, तितका वारा फार, असं म्हणतात. अहो, तांब्याच्या कडेनं कुणाचीही पाठ खरवडा, लाल होणारच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ‘बेंगोल फिरला आणि उतार पडला’ हे कानाला फार गोड लागायचं. म्हणून गप्प राहिलो.

वार्सितीला मी सासूकडून मिळालो. सासूनं लग्नात दोनच वस्तू दिल्या, गुळाची काहील आणि मी. तिचा नवरा रासिकुन माडांवर चढून नीरा काढायचा. अठ्ठावीस माड, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वार्सिती ती नीरा आटवून गूळ करायची. नीरेचा स्वभाव नवऱ्यासारखा, वेळेवर चुलीवर चढवली नाही की आंबलीच. हे वार्सितीचं म्हणणं, माझं नव्हे.

त्या दिवशी सकाळी रासिकुन बांबूची नळकांडी घेऊन खाली उतरला आणि चुलीजवळच्या फळीवर बसला. अंगावर गार घाम.

“अगं, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. डावा हातही जड झालाय.”

“कोण बसणार? रिकामी जागा बघून वारा बसलाय,” वार्सिती काहील ढवळता ढवळता म्हणाली. “रोज पहाटे उघड्या अंगानं चढता. व्हा पालथे.”

आमच्याकडे त्या दुखण्याचं नावच ‘बसलेला वारा’. एकदा नाव ठेवलं की दुखणं ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या माणसाला कोण घाबरतो?

मला तेलात बुडवलं गेलं. चार रेघा ओढायच्या, उठून काहील ढवळायची, परत येऊन चार रेघा.

“बरं वाटतंय का?”

“वाटतंय.”

ती ढेकर द्यायची. तो आल्याचा गरम चहा प्यायला आणि सगळा ओकला. “बघा, निघाला वारा!” ती म्हणाली. “आता कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय. तू नीरा बघ, उतू जाईल.”

तिला नसेल कळलं, मला कळत होतं. माझ्या कडेखाली बरगड्या होत्या आणि बरगड्यांखाली काळीज. त्याच्या ठोक्यांवर मी आजवर कितीदा फिरलो होतो. त्या दिवशी ते दोन ठोके टाकायचं, एक गिळायचं आणि मग घाईघाईनं तीन टाकायचं. मला तोंड नाही, हे खरं. पण खरं सांगू? रेघा सुंदर उठत होत्या आणि मी त्या बघत होतो.

सहा तास असेच गेले.

दुपारी गूळ न्यायला तुसिमान आला. त्याची छोटी मालगाडी दोन वाड्यांपलीकडून ऐकू येते, आणि तो स्वतः तीन वाड्यांपलीकडून.

“काय रे रासिकुन, माडावरून पडलास की बायकोनं बडवलं?”

मग त्यानं तोंडाकडे बघितलं. ओठ राखेसारखे झाले होते. तुसिमानचं हसू उतरलं.

“वार्सिती, काहील उतरव. हा वारा-बिरा नाही. माझा थोरला भाऊ अशीच पाठ रंगवून गेला.”

“अहो, पाक येईलच आता, एवढी आटू दे...”

“करपू दे तुझा गूळ!” तो ओरडला आणि रासिकुनला उचलून गाडीत घातलं.

वार्सितीनं मला घाईत रुमालाच्या गाठीत बांधलं. का, ते तिलाही ठाऊक नसेल.

दवाखान्यात रासिकुनच्या छातीला तारा चिकटवल्या, कागदावर डोंगर निघाले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाव हापसारी.

“बू, दुखायला कधी लागलं?” त्यांनी विचारलं. आमच्याकडे बाईमाणसाला मानानं बू म्हणतात.

वार्सितीनं जमिनीकडे बघितलं. “आत्ताच. तासभर झाला असेल.”

हापसारीबाईंनी रासिकुनला हलकेच कुशीवर वळवलं. खालच्या रेघा काळ्याजांभळ्या पडल्या होत्या, त्यांवर लाल, आणि त्यांवर पुन्हा ताज्या. माझं सगळं कर्तृत्व तिथं मांडलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही पाठ कुणी बघू नये.

“एका तासात एवढं रंगकाम होत नाही, बू. मी रागवायला विचारत नाहीये. वेळ कळली की पुढचं ठरवता येतं.”

वार्सितीनं गाठ सोडली आणि मला टेबलावर ठेवलं. “सहा तास,” ती म्हणाली. “सकाळपासून. यानं.”

बाई मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “माझ्या आईकडेही असाच एक आहे,” आणि धावत आत गेल्या.

मनगटातून बारीक तार घालून त्यांनी काळजाची तुंबलेली नळी फुग्यानं उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची नळी बसवली. मग पडद्यावर वार्सितीला दोन चित्रं दाखवली. एकात रक्त अर्ध्या वाटेत अडलेलं, दुसऱ्यात पार टोकापर्यंत पोचलेलं.

“म्हणजे बरे झाले?” वार्सितीनं विचारलं.

“पाट मोकळा झाला,” हापसारीबाई म्हणाल्या. “पण शेतातली रोपं सहा तास कोरडी होती. पाणी सोडलं म्हणून ती लगेच मान वर करत नाहीत. मोठी नळी उघडली तरी आतल्या केसाएवढ्या नळ्या सुजलेल्या आहेत, तिथं रक्त अजून नीट पोचत नाही. काही स्नायू नुसता बधिर झालाय, तो शुद्धीवर येईल. काही गेला, तो येणार नाही. चांगलं काळीज भरलेल्या रक्तातलं निम्म्याहून जास्त दर ठोक्याला बाहेर ढकलतं. यांचं शंभरात बत्तीसच ढकलतंय.”

यातलं निम्मं मला कळलं. जे कळलं तेवढं लाजायला पुरेसं होतं.

शुद्धीवर आल्यावर रासिकुननं एकच विचारलं, “मी पुन्हा चढेन ना?”

“तीन महिन्यांनी बघू.”

ते तीन महिने दुसराच माणूस माडांवर चढायचा. रासिकुन खाली फळीवर बसून मान वर करून बघायचा. गोळ्या वेळेवर घ्यायचा, आधी अंगणाच्या टोकापर्यंत चालायचा, मग विहिरीपर्यंत, मग रस्त्यापर्यंत. वार्सितीनं मला फेकलं नाही, वापरलंही नाही. मी गाठीतच. आणि तिनं नवऱ्याच्या पाठीला हातही लावला नाही.

तीन महिन्यांनी काळीज पडद्यावर पुन्हा बघितलं. शंभरात पंचेचाळीस.

“रोपांनी मान वर केली,” हापसारीबाई हसल्या. “सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. आता चाला, गोळी चुकवू नका. माड मात्र नाही.”

“एखादा बुटका?”

“बुटकासुद्धा नाही, पाक.” बाईमाणसाला जसं बू, तसं बापयाला मानानं पाक म्हणतात; गुळाच्या पाकाशी त्याचा संबंध नाही.

“आणि लवकर आलो असतो तर?”

बाईंनी हातातला कागद उगाच सरळ केला. “जास्त वाचलं असतं. किती, ते सांगता येत नाही.”

वार्सितीनं माझी गाठ इतकी घट्ट आवळली की तांब्यालाही कळ लागावी. मला तिथंच वितळून जावंसं वाटलं.

बाबांनो, आयांनो, थट्टा पुरे. छातीवर ओझं आलं, हात जड झाला, गार घाम सुटला, तर मला शोधू नका. मी सापडलोच तर विहिरीत टाका आणि गाडी बोलवा. शंभर वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो, आणि तेही एका माणसाचे अठ्ठावीस माड घालवून.

काल संध्याकाळी दोघं फळीवर बसली होती. रासिकुननं बायकोच्या रुमालाची गाठ चाचपली.

“आहे वाटतं अजून. काढ की. जरा पाठ खरवड.”

“नको. गोळ्यांनी रक्त पातळ झालंय. काळंनिळं होईल, बाईंनी बजावलंय.”

“मग नुसता हात फिरव.”

तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. “माझ्यामुळे तुमचे माड गेले.”

“तुझ्यामुळे कशाला? बोल लावायचाच तर त्या बेंगोलला लाव,” तो हसत म्हणाला. “तांबं ते, त्याला कसली लाज?”

वार्सिती हसली नाही. तिनं मला गाठीतून काढलं आणि दोघांच्या मध्ये फळीवर ठेवलं.

“ते मुकं होतं. तुम्हाला तर तोंड होतं. छातीही तुमची होती. सहा तास मी विचारत होते, आणि सहा तास ‘बरं वाटतंय, बरं वाटतंय’ म्हणून कुणाला सांगत होता?”