साटीनचं अस्तर

ॲम्ब्रोज थॅकवेल हुकमी रडायचा. मुडदा बसवला त्याचा, पण रडावं तर त्यानंच! लहानपणी थेम्सकाठच्या बर्मंडसीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. कुणाचं लेकरू गेलं की अंत्यविधीवाला ॲम्ब्रोजला भाड्यानं न्यायचा. हा काळा कोट घालून त्या घराच्या दाराशी टिपं गाळत उभा राहायचा. तिथंच त्याच्या ध्यानात आलं, की प्रेत निघताना गेलेल्याचा मान म्हणून सगळी गल्ली खिडक्यांचे पडदे पाडते, आणि मग बाहेर कोण काय करतंय ते कुणीच बघत नाही. एकदा त्यानं मेलेल्या पोराचा चांदीचा खुळखुळा लांबवला. बोभाटा झाला तसा स्वतःच्या बापाकडे बोट दाखवून ढसाढसा रडला. बाप तुरुंगातच खपला.

"वाईट नाही वाटलं रे?" मी विचारलं.

"वाटलं ना. खुळखुळा परत द्यावा लागला."

मोठेपणी त्यानं स्वतःचं अंत्यविधीचं दुकान काढलं. दारू नाही, शिवी नाही, बोलणं पाद्र्याहून गोड. साखरेची सुरी नुसती! श्रीमंतांच्या गल्लीत तो घर भाड्यानं घ्यायचा, तिथं कुणीतरी खोटंच मरायचं. गल्लीतले पडदे पडले की त्याची माणसं शेजारच्या घरात मागून शिरायची, आणि माल शवपेटीतून सगळ्यांदेखत बाहेर. रस्त्यावरचे साहेबलोक टोप्या काढून माना खाली घालायचे. चोरीच्या चांदीला सलाम! खऱ्या गिऱ्हाइकांच्या पेट्यांना मी अस्तरं शिवायची, आणि खोट्या मयतीला माझी धाकटी बहीण डॉर्कस तोंडावर काळी जाळी ओढून विधवा व्हायची. पोटभर खात होतो, खोटं कशाला बोलू?

मग डॉर्कसचं पर्सीशी जुळलं. पर्सी पाव भाजायचा, ब्रिस्टलला दुकान टाकायचं म्हणत होता. लग्न करून तिकडं जाते, असं डॉर्कसनं ॲम्ब्रोजला सरळ तोंडावर सांगितलं. याला सोडून गेलेला एकच माणूस मला ठाऊक होता, आमचा गाडीवान. तो थेम्सच्या चिखलात सापडला होता.

"अगं, बोललीस कशाला? गुपचूप पळायचं नाही का?"

"तो रडला गं हेटी. सुखी राहा म्हणाला. फक्त एल्मर क्रेसेंट गल्लीतलं शेवटचं काम करून जा म्हणाला."

"रडला म्हणूनच जीव घाबरतोय माझा."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "हेटी, एल्मर क्रेसेंटच्या पेटीला अस्तर हवं. साटीनचं, झालर लावून. तळाला जादा फळी टाकलीय, तिच्या वरून लाव."

"चांदीला गादी कशाला? थंडी वाजते की काय तिला?"

तो हसला. "या खेपेला वर नाजूक काचसामान आहे."

"डॉर्कसला सोडशील ना?"

"शब्द दिलाय ना मी?"

मी मूर्ख, विश्वास ठेवला. तिचं शेवटचं काम म्हणून झालरीला गुलाबाची फुलंसुद्धा काढली.

त्या दिवशी ब्रिस्टलची तिकिटं आणि डॉर्कसचं गाठोडं घेऊन मी एल्मर क्रेसेंटच्या कोपऱ्यावर उभी राहिले. डॉर्कस आदल्या रात्रीच तिथल्या भाड्याच्या घरात गेली होती; मयत गल्लीतून बाहेर पडली की ती मागच्या गाडीतून उतरणार होती. सगळे पडदे खाली होते. काळ्या घोड्यांची गाडी आली, तशी सवयीनं मी मान खाली घातली. आत चांदी आहे म्हणून मनातून हसत होते. मागच्या गाडीत विधवा होती. मी धावत जाऊन तिच्या तोंडावरची जाळी वर केली. कुणी भलतीच पोरगी होती, तोंडात पेपरमिंट चघळत बसलेली.

"डॉर्कस कुठाय?" मी किंचाळले.

"हेटी, शोक आवर," गाडीपुढं चालणारा ॲम्ब्रोज वळून म्हणाला.

कोपऱ्यावर पोलीस शिपाई उभा होता. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, मी तुरुंगात सडेन, पण याला तोंड उघडायला लावेन. "पेटी उघडा! आत प्रेत नाही, चोरीचा माल आहे!"

शिपाई घुटमळला. ॲम्ब्रोजच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "उघडा साहेब. या बाईचं समाधान होऊ द्या."

झाकण निघालं. माझ्या साटीनवर माझी डॉर्कस होती. ओठ निळे पडले होते, आणि केसांत पर्सीनं दिलेली रिबीन होती.

"रात्री अचानक काळीज बंद पडलं हो," ॲम्ब्रोज हुंदके देत म्हणाला. "ही तिची सख्खी बहीण. डोकं फिरलंय बिचारीचं."

"यानंच मारलं तिला! फळीखाली बघा! तिच्या पाठीखाली चांदी आहे!"

"बाई, बहिणीच्या मढ्याची तरी लाज बाळगा!" शिपायानं माझे दंड आवळले. मग शिरस्त्राण काढून ॲम्ब्रोजची माफी मागितली. मी गाडी वळेपर्यंत ओरडत होते. एक पडदा हलला नाही.

आठवड्यानं तो माझ्या खोलीवर आला. "काय ओरडलीस गं हेटी! पोलिसांना केव्हाचा संशय होता, एकदा पेटी उघडून दाखवायलाच हवी होती. तू बहिणीसाठी ओरडणार, याची मला खात्री होती."

मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं रुमालानं नीट तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि दाराशी थांबला.

"पुढची पेटी मंगळवारी. अस्तर नको शिवूस. आता कोण उघडतंय?"